नीट पिसलेले पत्ते

संभाव्यतेच्या धड्यात एक गणित हमखास असतं. चांगल्या रीतीने पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती? मुलं पटकन लिहितात : ५२ पैकी ४, म्हणजे १३ पैकी १. उत्तर बरोबर असतं, पूर्ण गुण मिळतात. सांगलीच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. एखाद्या वर्षी मागच्या बाकावरचं कुणीतरी विचारतं, ‘‘मॅडम, चांगल्या रीतीने म्हणजे किती वेळा पिसायचे?’’ वर्गात हशा पिकतो. मला मात्र त्या मुलाचं फार कौतुक वाटतं, कारण संभाव्यतेच्या शास्त्रातला सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न त्याने विचारलेला असतो.

हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरलेला एक माणूस अमेरिकेत आहे. त्याचं नाव पर्सी डायाकोनिस. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र या दोन्ही विषयांचे ते प्राध्यापक. विद्यापीठाची पायरी चढण्याआधी मात्र ते पोटासाठी पत्त्यांची जादू करत होते. या दोन गोष्टी एका माणसाच्या चरित्रात योगायोगाने शेजारी आलेल्या नाहीत. आमच्या शास्त्रात गृहीत धरायची सवय फार : नाणं निःपक्ष आहे असं समजा, पत्ते नीट मिसळले आहेत असं समजा. जादूगाराला असं समजून चालत नाही. हातातल्या पत्त्यांचं नेमकं काय होतं, हे त्याला ठाऊक असावं लागतं, कारण त्याची भाकरी त्यावर असते. डायाकोनिस यांनी ही जादूगाराची नजर गणितात आणली आणि तिच्यापुढे आमची कितीतरी गृहीतकं उघडी पडली.

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १९४५ चा, न्यूयॉर्कचा. घर वादकांचं. पाच वर्षांच्या पर्सीला व्हायोलिन शिकायला ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत घातलं. त्याच वयात जादूचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. व्हायोलिन पुढे नऊ वर्षं चाललं, पण जीव पत्त्यांत अडकला. न्यूयॉर्कमधले जादूगार तेव्हा एका कॅफेटेरियात जमत. शाळकरी पर्सी तिथे जाऊन बसू लागला. तिथेच त्याला डाय व्हर्नन भेटले.

व्हर्नन हे मूळचे कॅनडाचे, १८९४ साली जन्मलेले. पत्त्यांच्या जादूत त्यांच्या तोडीचा माणूस विसाव्या शतकात क्वचितच झाला असेल. कुठलीही जादू तीन वेळा पाहिली की आपण तिचं गुपित ओळखतो, असं प्रसिद्ध जादूगार हुदिनी सांगत असे. १९२२ मध्ये व्हर्नननी त्याच्यासमोर पत्त्यांचा एकच खेळ पुन्हा पुन्हा केला : गठ्ठ्यात वरून दुसरा ठेवलेला पत्ता दर वेळी सगळ्यांत वर येई. हुदिनीला शेवटपर्यंत काही उमगलं नाही. अट्टल जुगाऱ्यांचे डाव शिकण्यासाठी व्हर्नन गावोगाव भटकत. गठ्ठ्याच्या मधोमधचा पत्ता कुणाला न कळता वाटणारा एक माणूस कुठेतरी आहे, एवढी कुणकुण लागल्यावर त्यांनी त्याला मिझुरीतल्या एका छोट्या गावात शोधून काढलं होतं. जादूगारांच्या जगात त्यांना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. पुढे त्यांचा चेला खरोखरचा प्रोफेसर झाला!

व्हर्नननी दौऱ्यावर चलतोस का म्हणून विचारलं, तेव्हा पर्सी चौदा वर्षांचा होता. त्याने शाळा सोडली, घर सोडलं, व्हायोलिनही सोडलं आणि पासष्टीच्या त्या माणसाबरोबर तो निघाला. आपल्याकडे गवयाच्या घरी राहून गाणं शिकणाऱ्या शिष्यांच्या गोष्टी आपण आदराने सांगतो. हीही तशीच तालीम होती : गुरूचं सामान उचलायचं, खेळ बघायचे, रात्री उशिरापर्यंत हात बसवायचा. काही काळाने तो एकटाच खेळ करू लागला. जुगाराचे डाव पाहताना त्याला एक गोष्ट कळत गेली. फसवणूक पकडायची तर प्रामाणिक खेळात काय किती वेळा घडतं, हे आधी माहीत हवं. म्हणजेच संभाव्यता यायला हवी.

कुणीतरी सांगितलं, संभाव्यतेवरचं उत्तम पुस्तक विल्यम फेलर यांचं. त्याने ते विकत आणलं, पण उघडून पाहिलं तर वाचता येईना. कलन येत असल्याशिवाय ते पुस्तक पुढे सरकत नाही आणि हा तर नववी-दहावीच्या वयात शाळेतून बाहेर पडलेला. मग चोविसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गांना नाव घातलं. १९७१ मध्ये पदवी घेतली. दिवसभर कुठेतरी राबून संध्याकाळी वर्गात येणारी मुलं मीही शिकवली आहेत. त्यांतले बरेच जण पदवीच्या कागदासाठी येतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण एक पुस्तक वाचता यावं, एवढ्यासाठी कॉलेजात गेलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

हार्वर्डला अर्ज केला तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले मार्टिन गार्डनर. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गणिताच्या गमतींवर गार्डनर पंचवीस वर्षं सदर लिहीत होते. स्वतः हौशी जादूगार असल्याने ते पर्सीला लहानपणापासून ओळखत. हार्वर्डच्या संख्याशास्त्र विभागातले फ्रेडरिक मोस्टेलर हेही जादूचे शौकीन. गार्डनरनी मोस्टेलरना शिफारसपत्र लिहिलं आणि त्यात या मुलाने शोधलेल्या पत्त्यांच्या खेळांची तारीफ केली. प्रवेश मिळाला. १९७४ मध्ये डॉक्टरेट झाली, त्याच वर्षी स्टॅनफर्डची नोकरी लागली आणि १९८२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाचा हा प्रवास.

आता मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाकडे येते.

पत्ते पिसण्याची एक तऱ्हा कॅसिनोत आणि सिनेमात दिसते. कॅटचे साधारण दोन सारखे भाग करायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कोपरे सोडत जायचं आणि दोन्ही भाग फर्रकन एकमेकांत गुंफायचे. याचं गणित काय असेल, याचा विचार बेल लॅबोरेटरीत एडगर गिल्बर्ट आणि क्लॉड शॅनन यांनी १९५५ मध्येच केला होता. ते पूर्णत्वाला नेलं डायाकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी, १९९२ मध्ये छापलेल्या निबंधात. (नोबेलविजेते गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरच्या ‘अ ब्युटिफुल माइंड’ सिनेमात फळ्यावर आणि काचेवर सूत्रं लिहिणारा हात दिसतो, तो याच बेयर यांचा.)

निबंधाची मूळ कल्पना आली मात्र जादूतूनच. कॅलिफोर्नियात चार्ल्स जॉर्डन नावाचा कोंबड्या पाळणारा एक शेतकरी होता. १९१६ च्या सुमारास त्याने जादूगारांना विकलेला एक खेळ असा. तुम्ही एका मित्राला टपालाने पत्त्यांचा कॅट पाठवता. त्याने तो या गुंफणीच्या पद्धतीने दोन-तीनदा पिसायचा, एक पत्ता काढून पाहून ठेवायचा, तो गठ्ठ्यात दुसरीकडे कुठेतरी घालायचा आणि कॅट टपालाने परत पाठवायचा. तुम्ही तो पत्ता ओळखून दाखवता.

हे होतं कसं? पत्त्यांना क्रमाने १ ते ५२ आकडे द्या. एकदा गुंफल्यावर वरच्या भागातले १, २, ३… हे पत्ते इतरांत मिसळतात खरे, पण आपापसांतला क्रम सोडत नाहीत. खालच्या भागाचंही तसंच. म्हणजे पिसलेल्या कॅटमध्ये चढत्या क्रमाच्या दोन माळा एकमेकींत ओवलेल्या असतात. दुसऱ्यांदा पिसलं की जास्तीत जास्त चार, तिसऱ्यांदा आठ. त्यातून काढून भलतीकडे घातलेला पत्ता कुठल्याच माळेत बसत नाही. जाणता जादूगार कॅट पसरतो, माळा जुळवतो आणि एकटा राहिलेला पत्ता बहुतेक वेळा उचलून देतो. तीनदा पिसल्यावर सगळं विस्कटलं, असं आपल्या डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला क्रम जवळजवळ जसाच्या तसा आत शिल्लक असतो.

हाच धागा पुढे ओढा. पाचदा पिसल्यावर माळा होऊ शकतात जास्तीत जास्त ३२. पण कॅट बरोबर उलट्या क्रमाने लागला, ५२ पासून १ पर्यंत, तर त्यात माळा होतील ५२. म्हणजे पाच पिसण्यांत असे काही क्रम येणं अशक्यच आहे. कुणी कितीही मन लावून पिसलं तरी ते येणार नाहीत. हा युक्तिवाद मी वर्गात पाच मिनिटांत सांगते आणि दर वेळी मला स्वतःला पुन्हा आनंद होतो.

डायाकोनिस आणि बेयर यांनी यापुढे जाऊन मोजमाप दिलं. क्रमाची ओळख पूर्ण शिल्लक असेल तर १ आणि पूर्ण पुसली गेली तर ०, अशी पट्टी धरा. एकदा ते चारदा पिसेपर्यंत हा आकडा जवळपास १ वरच राहतो. पाचव्या पिसण्याला ०.९२, सहाव्याला ०.६१, सातव्याला ०.३३, आठव्याला ०.१७. तिथून पुढे दर वेळी साधारण निम्मा. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग थोडक्या पिसण्यांत सगळं होऊन जातं. या एकाएकी कोसळण्याचं डायाकोनिस यांना फार आकर्षण. अशा प्रकारची घसरण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांशी संबंध नसलेल्या कितीतरी प्रक्रियांतही दाखवून दिली. सर्वसामान्य लोकांपर्यंत मात्र पोचलं ते एकच वाक्य : सातदा पिसा. निबंध छापून येण्याआधीच, १९९० च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची बातमी केली.

कमी पिसण्याचा फटका खऱ्या खेळाला बसतो. अमेरिकेतल्या ब्रिजच्या स्पर्धांत संगणकाने पत्ते वाटायला सुरुवात झाली, तेव्हा खेळाडूंनी तक्रार केली की हे यंत्र विचित्र हात वाटतं, एकेका रंगाची पानं भलतीच ढिगाने येतात. यंत्र बरोबर वाटत होतं. खेळाडूंना सवय होती ती हाताने अर्धवट पिसलेल्या पत्त्यांची.

आपल्याकडे तर कॅटचे भाग गुंफून पिसणारे थोडेच. कॅट एका हातात धरून दुसऱ्या हाताने थोडी थोडी पानं वरून खाली टाकायची, ही आपली घरगुती रीत. ती इतकी कुचकामी आहे की पत्ते खरोखर मिसळायला सुमारे १०,००० वेळा पिसावं लागेल, असं डायाकोनिस सांगतात. मेंढीकोटाचा विचार करा. प्रत्येक हातात बहुतेक एकाच रंगाची चार पानं एकावर एक पडतात. डाव संपल्यावर ते सगळे हात गोळा करून आपण चार-पाचदा वरखाली करतो आणि पुन्हा वाटतो. बदाम बदामाला, इस्पिक इस्पिकला चिकटून राहिलेले असतात. एखाद्याला पानं चांगली पडतात म्हणून आपण त्याचं नशीब वाखाणतो, पण मागच्या डावाचा क्रम त्या पानांतून अजून गेलेला नसतो. सतरंजीवर सगळे पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी ढवळायचे, हा लहान मुलांचा प्रकार त्याहून कितीतरी बरा. डायाकोनिस यांनी त्याचाही अभ्यास केला आहे. मिनिटभर मन लावून ढवळलं तर पत्ते चांगले मिसळतात. ज्यांच्या तळहातात अजून कॅट मावत नाही, त्या मुलांना हे सुट्टीत जरूर करू द्यावं.

पत्ते पिसणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने पुढे त्यांनाच बोलावलं. यंत्रात दहा कप्पे होते. प्रत्येक पत्ता कुठल्या तरी कप्प्यात, तिथल्या गठ्ठ्याच्या वर किंवा खाली पडायचा आणि शेवटी सगळे कप्पे एकत्र व्हायचे. कंपनीच्या अभियंत्यांच्या मते एका फेरीत काम होत होतं. डायाकोनिस, त्यांच्या पत्नी आणि स्टॅनफर्डच्याच संख्याशास्त्रज्ञ सुझन होम्स, आणि जेसन फुलमन यांनी तपासलं, तेव्हा चढत्या-उतरत्या माळा तशाच सापडल्या. पत्ते एकेक करून उघडत पुढचा पत्ता ओळखत गेलं, तर नीट मिसळलेल्या कॅटमध्ये ५२ पैकी सरासरी साडेचार बरोबर येतात. या यंत्रातून निघालेल्या कॅटमध्ये साडेनऊ आले. शेतकऱ्याच्या जादूतलं तेच तत्त्व शंभर वर्षांनी एका यंत्राची चूक पकडून गेलं.

नाणेफेकीचंही तसंच. छापा-काटा म्हणजे निःपक्षपातीपणाची आपली परमावधी. क्रिकेटचा सामनाही त्यावर सुरू होतो. डायाकोनिस यांनी आधी स्प्रिंगवर चालणारं एक यंत्र करवून घेतलं. ते नाणं इतकं एकसारखं उडवतं की दर वेळी तीच बाजू वर येते. याचा अर्थ नाण्यात नशीब वगैरे काही नसतं. असतात ते फेकणाऱ्या अंगठ्याचे बारीकसारीक फरक. मग माणसाच्या हाताचं काय? नाण्याला फीत बांधून ती किती वेढे खाते, हे त्यांनी मोजलं. होम्स आणि रिचर्ड मॉन्टगोमेरी यांच्याबरोबर २००७ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी गणित मांडलं : फेकून हातात झेललेलं नाणं सरळ उलटसुलट होत नाही, उडताना ते थोडं डोलतं आणि त्यामुळे फेकताना जी बाजू वर होती तीच पुन्हा वर येण्याची शक्यता सुमारे ५१ टक्के असते.

त्यावर विश्वास ठेवायला कोण तयार होणार? २०२३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी जगभरातली नाणी घेऊन, ४८ जणांना कामाला लावून तब्बल ३,५०,७५७ वेळा नाणं फेकलं. तीच बाजू ५०.८ टक्के वेळा वर आली. माझ्या दृष्टीने या सगळ्यात फार सुंदर गोष्ट आहे ती ही की, पाठ्यपुस्तकातलं नाणं आणि हातातलं नाणं यांच्यातलं एक टक्क्याचं अंतर मोजायला कुणीतरी आयुष्यातली वर्षं दिली. फेकलेलं नाणं फिरल्यासारखं दिसावं, पण प्रत्यक्षात नुसतं डोलावं, ही हातचलाखी जादूगारांना येतेच. कुठे बघायचं ते त्यामुळेच डायाकोनिस यांना ठाऊक होतं.

मनोबलाने फोटो काढणारे, न बघता पत्ते ओळखणारे, अशा दावेदारांच्या परीक्षांनाही ते तरुणपणापासून गेले. १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी दाखवलं की अशा प्रयोगांत नियम आधी ठरलेले नसतात, निकाल काय मानायचा हे खेळ चालू असताना बदलत जातं आणि मग कुठलंही संख्याशास्त्र लावा, त्याला अर्थ उरत नाही. हातचलाखी कळायची तर परीक्षकांत जादूगार हवा, नुसता शास्त्रज्ञ सहज फसतो. हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

हातांच्या कौशल्याची गुपितं ते बाहेर सांगत नाहीत. गुरूशी तेवढी निष्ठा त्यांनी राखली आहे. पण जे खेळ केवळ गणितावर चालतात, ते मात्र त्यांनी रोनाल्ड ग्रॅहम यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘मॅजिकल मॅथेमॅटिक्स’ या २०११ च्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले. ग्रॅहम हेही थोर गणितज्ञ आणि एकाच वेळी अनेक चेंडू हवेत झेलण्यात तरबेज. पुस्तकातला पहिलाच मोठा खेळ असा : कॅट प्रेक्षकांत फिरतो, वाटेल तितक्यांदा काटला जातो, पाच जण ओळीने एकेक पत्ता घेतात. ज्यांच्याकडे लाल पान आहे त्यांनी उभं राहा, एवढंच जादूगार म्हणतो आणि पाचही पत्ते सांगून टाकतो. त्यामागे ३२ पत्त्यांची अशी रचना असते की सलग पाच पत्त्यांतला लाल-काळ्यांचा नमुना त्या चक्रात पुन्हा कुठेही येत नाही.

हे वाचताना मला शाळेतला मराठीचा तास आठवला. अक्षरगणवृत्तं शिकताना आम्ही ‘यमाताराजभानसलगं’ घोकलं होतं. लघूला ० आणि गुरूला १ म्हणा : ०१११०१०००१. यातली कुठलीही सलग तीन अक्षरं घ्या, एक नवा गण मिळतो. यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, ताराज म्हणजे त गण आणि असं करत सलगं पर्यंत आठही गण, प्रत्येक एकदाच. शेवटची दोन अक्षरं सोडून उरलेल्या आठांचं वर्तुळ केलं की डायाकोनिस यांच्या ३२ पत्त्यांच्या चक्राचं धाकटं भावंड तयार होतं. आपल्या छंदःशास्त्राने ही रचना पाठांतराच्या सोयीसाठी जपली आणि तशीच रचना गणितातही भेटते, जादूतही भेटते.

वर्गात मी ही जादू आठ पत्त्यांवर करते. तुम्हालाही घरी करता येईल. लाल म्हणजे लघु आणि काळा म्हणजे गुरू धरून पत्ते असे लावा : लाल, काळा, काळा, काळा, लाल, काळा, लाल, लाल. कुठले आठ पत्ते घेतले ते क्रमाने पाठ करा किंवा चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. गठ्ठा हवा तितक्या वेळा काटू द्या, पण पिसू देऊ नका. काटल्याने वर्तुळ मोडत नाही. तिघांना वरून ओळीने एकेक पत्ता घ्यायला सांगा. ज्यांच्याकडे लाल आहे त्यांना हात वर करायला लावा. कुणाचाच हात वर आला नाही, तर तो म गण, म्हणजे तुमच्या मूळ क्रमातला दुसरा, तिसरा आणि चौथा पत्ता. फक्त मधल्याचा हात वर असेल, तर र गण : चौथा, पाचवा, सहावा. तिघांचेही हात वर असतील, तर न गण : सातवा, आठवा आणि पुन्हा पहिला. बाकीचे पाच गण यमाताराजभानसलगं म्हणत तुमचे तुम्हीच शोधा.